पुण्याची एक मिरवणूक आणि आपली गावे



जून लागला की खेड्यापाड्यांतून दुसरा विषय नसतो. मिरग कधी बरसतो, बियाणे मिळाले का, औत कोणाचे सांगायचे, हीच बोलणी चालतात. गुरुजींच्या आणि बाईंच्या डोक्यात शाळा उघडण्याची गडबड असते. अशा दिवसांत मी आपल्यापुढे पुण्यातल्या एका मिरवणुकीची हकिगत घेऊन आलो आहे. तिचा आपल्याशी काय संबंध, असे आपल्याला प्रथम वाटेल. संबंध आहे, आणि तो चांगला जवळचा आहे, म्हणून तर हा विषय घेतला. अवघड आहे खरा. पण घरात म्हातारी माणसे, लेकीसुना बसल्या असताना ऐकता येईल अशाच भाषेत मी तो सांगेन.

ही मिरवणूक समलिंगी आणि तृतीयपंथी माणसांची. इंग्रजी वळणाने तिला ‘प्राइड’ म्हणतात. कोणी तिचे ‘अभिमान मिरवणूक’ असे मराठी करतात. मला तो शब्द थोडा खटकतो. अभिमान म्हटले की आपल्या कानाला गर्वाचा वास येतो, आणि मी तिथे पाहिले त्यात गर्व म्हणण्यासारखे काही नव्हते. ‘स्वाभिमान’ म्हटले तर जास्त जुळेल. मान खाली घालून चालायची सवय लागलेल्या माणसांनी एक दिवस मान वर करून चालायचे, एवढाच त्यातला अर्थ.

पुण्यात अशी पहिली मिरवणूक २०११ च्या डिसेंबरात निघाली. बिंदुमाधव खिरे यांनी स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टने ती काढली होती. अलीकडे ती बहुधा जूनच्या आरंभी निघते. मी गेलो तो रविवार होता. जंगली महाराज रस्त्यावर संभाजी उद्यान आहे, तिथे सकाळपासून माणसे जमू लागली. आपल्याकडे जत्रेच्या आदल्या दिवशी जशी पांगापांग उभी असलेली माणसे एकमेकांना ओळखून हळूहळू गोळा होतात, तसेच. कोणी कॉलेजातली मुले, कोणी कचेरीत नोकरी करणारी, जरीकाठी साडी नेसून, अंबाडा घालून आलेल्या चार-पाच तृतीयपंथी, आणि बरोबर आलेल्या आया, बहिणी, मित्र. सहा रंगांचा इंद्रधनुष्यी झेंडा मधोमध. पोलिसांची परवानगी होती, बंदोबस्त होता, आणि बंदोबस्तावरचे हवालदार झाडाखाली निवांत चहा पीत होते. काही जणांनी चेहरे रुमालाने झाकून घेतले होते. उन्हामुळे असेल असे मला वाटले. पण झाडाच्या सावलीतही ते रुमाल सुटेनात, तेव्हा कारण लक्षात आले. वर्तमानपत्राचा फोटो गावापर्यंत पोहोचतो ना!

याच उद्यानाला लागून बालगंधर्व रंगमंदिर आहे. नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष लुगडे नेसून रंगभूमीवर उभा राहिला, तर उभ्या महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतले. घरंदाज बायका त्याच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्याच्यासारखे गजरे माळू लागल्या. त्यांच्या नावाचे एवढे मोठे नाट्यगृह १९६८ साली उभे राहिले. पण वर्गातला एखादा मुलगा जरा नाजूक चालला, मुलींच्यात लंगडी खेळला, की त्याला काय काय हाका मारल्या जातात हे आपल्याला मी सांगायला नको. आनंद यादवांची ‘नटरंग’ कादंबरी आपण वाचली असेल, निदान तिच्यावरचा चित्रपट तरी पाहिला असेल. कुस्तीचा षोक असलेला गडी तमाशात नाच्या होतो आणि गाव त्याच्याकडे कसे पाहू लागते, ते तिच्यात आहे. रंगमंचावर टाळ्या आणि रस्त्यावर टोमणे, अशी आपली रीत.

आता दोन गोष्टींची गल्लत नको, म्हणून थोडे खुलाशाने सांगतो. समलिंगी म्हणजे ज्या पुरुषाचे मन पुरुषावर जडते, किंवा ज्या स्त्रीचे स्त्रीवर. ती माणसे दिसायला-वागायला चारचौघांसारखीच असतात. त्यांत पैलवान असतो, ट्रॅक्टर चालवणारा असतो, अंगणवाडीतली बाई असते. तृतीयपंथी ही निराळी गोष्ट. जन्मतः ज्याला मुलगा म्हटले त्याला आतून आपण बाई आहोत असे वाटते, किंवा मुलगी म्हटले तिला आपण पुरुष आहोत असे. यल्लमाच्या नावाने सोडलेले जोगते आपल्या दक्षिणेकडच्या जिल्ह्यांना परके नाहीत. त्यांच्यात अशी कितीतरी माणसे असतात. आणि मघाशी सांगितलेला नाजूक चालीचा मुलगा या दोन्हींपैकी कोणीच नसेल, असेही होते. चालण्यावरून मन ओळखता येत नाही.

ही मिरवणुकीची कल्पना आपल्याकडे कुठून आली, असे कोणी विचारील. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात १९६९ च्या जूनमध्ये अशा माणसांच्या एका दारूच्या गुत्त्यावर पोलिसांनी धाड घातली. नेहमीच घालत, पण त्या रात्री लोक पळाले नाहीत, उभे राहिले. दुसऱ्या वर्षी त्याच तारखेला, २८ जूनला, मोर्चा निघाला आणि तो पायंडा जगभर गेला. आपल्या देशात पहिली अशी यात्रा २ जुलै १९९९ रोजी कलकत्त्यात निघाली, तेव्हा चालायला पंधरा माणसे होती. पंधरा! आपल्या गावातल्या भजनी मंडळातही त्याहून जास्त असतात. मुंबईने २००८ साली १६ ऑगस्टचा दिवस निवडला, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि जागा निवडली ऑगस्ट क्रांती मैदान, जिथे १९४२ साली ‘चले जाव’ची घोषणा झाली होती. त्यांची एक मागणी अशी होती की इंग्रज सरकारने आमची माफी मागावी.

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण त्या मागणीत तथ्य होते. भारतीय दंड संहितेतले ३७७ वे कलम हे काही आपल्या पंचायतीने केलेले नव्हते. १८६० साली इंग्रजांनी त्यांच्या कल्पनेप्रमाणे निसर्गाविरुद्ध ठरणारे वर्तन गुन्हा ठरवले आणि त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठेवली. त्यांनी आपल्या घरी, म्हणजे इंग्लंड-वेल्समध्ये, १९६७ साली कायदा बदलून टाकला. आपण मात्र ते कलम तसेच जपून ठेवले. या कलमाखाली खटले फार चालले असे नाही; पण कलम पुस्तकात असले की ते दाखवून पैसे उकळता येतात, तोंड बंद करता येते. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढ माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते ते बाजूला काढले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बसवले. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला की दोन प्रौढ व्यक्तींनी संमतीने ठेवलेला संबंध गुन्हा नाही. त्यांतील न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की इतका उशीर झाल्याबद्दल इतिहासाने या माणसांची आणि त्यांच्या घरच्यांची क्षमा मागायला हवी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत तर ते कलम मुळीच नाही. लग्नाचा हक्क मात्र मिळालेला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो प्रश्न विधिमंडळाकडे सोपवला.

हे सगळे परदेशी वारे आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच घरची एक गोष्ट सांगतो. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथराव १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ नावाचे मासिक चालवीत. लोक त्यांना पत्रे लिहून खाजगी शंका विचारत आणि ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचेही प्रश्न होते. त्या उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्यांचे वकीलपत्र कोणी घेतले, ठाऊक आहे? डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक प्रश्नांवर लिहिले एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, असे त्यांनी न्यायालयात मांडले. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. म्हणजे आपल्या मुलखातली माणसे नव्वद वर्षांपूर्वी पोस्टाने हेच प्रश्न विचारीत होती! आणि २०१८ च्या निकालात न्यायमूर्तींनी ज्या सांविधानिक नीतीचा आधार घेतला, तो विचार बाबासाहेबांनीच घटना समितीत मांडलेला होता.

असो. मिरवणूक निघाली. डेक्कनवरून गुडलक चौक, तिथून फर्ग्युसन रस्ता. याच रस्त्याने काही दिवसांनी पालख्या जातात, ज्ञानेश्वर पादुका चौक इथलाच. घोषणा होत्या, ढोलकी होती, दोघे-चौघे नाचतही होते. दुकानदार दारात येऊन पाहत होते. कोणी हसले, कोणी मोबाइल पुढे धरला, एका उपाहारगृहाच्या पोऱ्याने न सांगता पाण्याचा जग बाहेर आणून ठेवला. दगड कोणी मारला नाही.

चौकात पदपथावर एक टोपीवाले गृहस्थ उभे होते. दवाखान्याच्या कामासाठी गावाकडून आलेले. हातात औषधांची पिशवी. त्यांनी मला विचारले, ‘‘गुरुजी, हे कशाचं आंदोलन म्हणायचं? पगारवाढीचं का?’’ मी जमेल तसे समजावून सांगितले. ते बराच वेळ झेंड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘आमच्या भावकीत एक होता असा. लग्न ठरलं आन् विहिरीत गेला. लोक म्हणाले पाय घसरला.’’ थोडे थांबून त्यांनी पुढे जोडले, ‘‘पट्टीचा पोहणारा होता तो.’’ एवढे बोलून ते औषधाच्या दुकानाकडे वळले.

मिरवणुकीत माझ्या शेजारून एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा चालत होता. दिवसातून दोनदा एसटी येते अशा गावचा. घरी सांगून आला होता की भरतीच्या अर्जाचे काम आहे. मी म्हटले, ‘‘खोटं का सांगितलंस?’’ तो म्हणाला, ‘‘काका, खरं सांगितलं तर परत जायला घर राहणार नाही.’’ आई त्याच्यासाठी मुली पाहत होती. दोन स्थळे त्याने काहीतरी सबब काढून मोडली होती, तिसऱ्याला काय सांगायचे हे त्याला सुचत नव्हते. ‘‘मी करीन हो लग्न, आईसाठी करीन,’’ तो म्हणाला, ‘‘पण त्या मुलीनं माझं काय वाकडं केलंय?’’

श्रोतेहो, हा प्रश्न आपण जरा डोक्यात ठेवा. ‘लग्न झालं की येईल लाइनीवर’ हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त उपाय. त्यात मुलगा तर बुडतोच, पण ज्या घरातून हळद लावून मुलगी आणली त्या घराचीही फसवणूक होते. ती बिचारी वर्षानुवर्षे स्वतःतच खोट शोधत बसते. मूल होत नाही म्हणून बोल पुन्हा तिलाच.

त्या मुलाने मनगटाला इंद्रधनुष्यी रंगांची फीत बांधली होती. दुपारी स्वारगेटला जायची वेळ झाली तशी ती त्याने सोडली, दोनदा घडी घातली आणि पैशाच्या पाकिटात, आधार कार्डाच्या मागे ठेवली. मिरवणूक शहरात निघते खरी, पण चालणारी निम्मी माणसे आपल्याच गावांतून आलेली असावीत, असे तिथली बोली ऐकून मला वाटले. सोलापुरी, वऱ्हाडी, कोल्हापुरी, सगळ्या सुरांत तिथे बोलणे चालले होते. आणि एसटी त्यांना संध्याकाळी परत आपल्याकडेच आणून सोडते.

एक आईही भेटल्या. सातारा भागातल्या, नऊवारी नेसलेल्या. हातात पुठ्ठ्याची पाटी: ‘माझं लेकरू, मला प्यारं.’ मुलाने सांगितले तेव्हा दोन वर्षे त्यांनी काय केले ते त्या सांगत होत्या. देवऋषी झाला, लिंबू-नारळ झाले, अंगारे झाले. मग कोणीतरी शहरातला डॉक्टर सुचवला. त्याने गोळ्या दिल्या, ‘बरा करतो’ म्हणून पैसे घेतले. पोरगा गोळ्यांनी दिवसभर झोपून राही. ‘‘बरं व्हायला आजार तर पायजे ना,’’ बाई म्हणाल्या. शाळेचे तोंड न पाहिलेली ती बाई जे म्हणाली तेच जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली म्हटले होते. समलिंगी असणे हे तेव्हा तिने आजारांच्या यादीतून काढून टाकले. आपल्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली असले ‘बदलून देण्याचे’ उपचार हे डॉक्टरच्या व्यवसायातले गैरवर्तन ठरवले आहे. तेव्हा असा उपचार करू म्हणणारा कोणी भेटलाच, तर आपला पैसा खिशातच ठेवा.

इथे मला मद्रास उच्च न्यायालयातली एक हकिगत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ती विशेषतः शिक्षकांसाठी आहे. २०२१ साली न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांच्यापुढे दोन तरुण मुलींचे प्रकरण आले. एकमेकींबरोबर राहण्यासाठी त्या मदुराईहून चेन्नईला आल्या होत्या आणि आईबापांनी पोलिसांत हरवल्याची तक्रार केली होती. न्यायमूर्तींनी काय करावे? या विषयात आपल्याला पुरती समज नाही असे ते उघड म्हणाले, मानसतज्ज्ञाकडे जाऊन बसले, अशा माणसांशी बोलले, आणि मगच ७ जूनला आदेश दिला. न्यायासनावर बसलेला माणूस आधी विद्यार्थी झाला! गुरुजी-बाई मंडळींना याहून वेगळे काय सांगायचे? शिक्षकांच्या हाती काही द्यावे असा प्रयत्न राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेनेही २०२१ साली केला होता. तृतीयपंथी मुलांना शाळेत कसे सामावून घ्यावे यावर तिने एक पुस्तिका काढली. पण तक्रारी झाल्या आणि ती थोड्याच दिवसांत संकेतस्थळावरून नाहीशी झाली. म्हणजे तूर्त जे करायचे ते आपल्या अकलेने.

मधल्या सुट्टीत मुतारीकडे जायला घाबरणारा मुलगा आपल्या शाळेत आहे का, एवढे पाहा. तिथे मोठी मुले त्याला धरतात. म्हणून तो सकाळपासून पाणी पीत नाही, चौथ्या तासाला पोट दुखते म्हणतो, आणि सहामाहीनंतर शाळेतून त्याचे नाव कमी होते. पटावर आपण लिहितो, ‘सतत गैरहजर’. तो मुलगा समलिंगी आहे की तृतीयपंथी की आणखी कोणी, हे ओळखायच्या भरीस मात्र पडू नका. ते आपले काम नव्हे. त्याला मुतारीपर्यंत निर्धास्त जाता यावे, हे आपले काम आहे. आणि एखाद्या मुलाने किंवा मुलीने विश्वासाने काही सांगितलेच, तर ते शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर वाटायचे नाही, आणि त्या लेकराला न विचारता घरी निरोपही धाडायचा नाही. घरी त्या निरोपाचे काय होईल हे त्या लेकराला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

मिरवणूक पुन्हा उद्यानाशी येऊन थांबली तेव्हा मला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई भेटल्या. भावाबरोबर आल्या होत्या. त्यांनी आपल्या वर्गात एक नियम केला आहे: वर्गात कोणालाही हाक मारायची ती हजेरीपटावरच्या नावानेच. जाड्या, काळ्या, चकण्या, बायल्या, काही चालायचे नाही. कारण वगैरे त्या मुलांना सांगत नाहीत. पहिल्या आठवड्यात मुले चुकतात, मग जीभ वळते. ‘‘एका मुलासाठी केला होता नियम,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण तीस मुलांची सोय झाली.’’

ज्यांना कोणाजवळ बोलता येत नाही अशांसाठी, आणि अशा मुलांच्या आईबापांसाठीही, सरकारची टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. क्रमांक पुन्हा सांगतो: एक, चार, चार, एक, सहा. शाळेच्या फळ्यावर कोपऱ्यात लिहून ठेवला तरी चालेल.